एका काडतुसाचे दळवीसाहेब

सिंगापुरात मी आज जो कोणी आहे तो अनंतराव दळवी यांच्यामुळे आहे, आणि गेले अकरा महिने मला त्यांचा भयंकर राग आलेला आहे.

ज्याचे उपकार असतात त्याच्यावर रागावायची सोय नसते. माझे वडील सेलूच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायचे. घराण्यातला पहिला पदवीधर मी. मोठ्या माणसानं हात दिला की त्याच्या पाया पडायचं आणि तोंड बंद ठेवायचं, एवढंच आमच्याकडे शिकवलेलं. पाया मी पडलो. तोंड मात्र न्यूझीलंडच्या एका डोंगरावर उघडलं आणि अजून मिटत नाही. त्यात हे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ येत्या एप्रिलमध्ये तोच डोंगर पुन्हा चढायला निघालेत. एकटे. त्याच अटीवर. ते मला होऊ द्यायचं नाही.

दळवीसाहेब हरणांची शिकार करतात. भारतात शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे असं तेही म्हणतात. न्यूझीलंडमध्ये मात्र हरणं बाहेरून आणून सोडलेली, ती रान खाऊन फस्त करतात, म्हणून तिथे रीतसर परवाना मिळतो. वर्षातून एकदा ते आठ दिवसांची रजा टाकतात आणि रॉब नावाच्या मेंढपाळाकडे जातात. तो वाटाड्याही आहे आणि बंदूकही तोच देतो. त्याच्याकडे पाच गोळ्यांच्या, दुर्बीण लावलेल्या झकास रायफली आहेत. साहेब त्यांना हात लावत नाहीत. ते घेतात मधोमध मोडून एकच काडतूस भरायची जुनी रायफल. दुर्बीण नाही. आणि खिशातही दुसरं काडतूस नाही. चुकलं तर दिवस संपला, खाली उतरायचं.

"पाच गोळ्यांची बंदूक म्हणजे चार वेळा निष्काळजी राहायचा परवाना!" हे वाक्य मी तांजोंग पगारच्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

शिकार वर्षातले आठ दिवस. उरलेले दिवस ती आमच्यावर चाले. टीममध्ये कोणी "परत एकदा रन करून बघू" म्हणालं की साहेबांचे कान लाल व्हायचे. "बघू? बघू म्हणजे काय? आधी बघ, मग दाब!" नोकरीच्या मुलाखतीतही ते एकच प्रश्न विचारत. मला विचारला, "तुला काय येत नाही?" मी दहा मिनिटं प्रामाणिकपणे यादी सांगितली: फोनवरचं इंग्रजी, काट्याचमच्यानं जेवणं, टाय, पोहणं. ते थांबवेनात, म्हणून मी थांबेना. शेवटी म्हणाले, "सेलूकर, पुरे. सोमवारी ये." माझं आडनाव गायके आहे. सहा वर्षं मी सेलूकरच राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत जायचो. तिथे रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल आपलं, अशी सगळ्या सिंगापूरची पद्धत. सगळ्यांना मान्य, दळवीसाहेबांना नाही. "हे हरणाला खुंट्याला बांधून मग बंदूक आणायला जाण्यासारखं आहे!" एकदा त्यांनी असं एक पाकीट उचललं, नूडल्सच्या रांगेत उभ्या असलेल्या त्याच्या मालकिणीला शोधून काढलं, आणि अदबीनं तिच्या हातात देऊन इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, तुमचं हरीण सुटलंय." त्या बाईनं जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. शिवाय पाकीट परत दिल्यावर हे स्वतः त्या टेबलावर बसेनात. आयतं मिळालेलं चालत नाही म्हणे. भर दुपारी आम्ही सहा जण ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवलो. माझ्या शर्टावर सांडलेल्या रश्श्याचा डाग अजून आहे.

सिंगापुरात घरी बंदूक ठेवणं म्हणजे तुरुंगच. म्हणून टॅम्पिनीसला त्यांच्या इमारतीखाली जो खांबांचा मोकळा तळमजला आहे, तिथे ते लांब दांड्याची छत्री खांद्याला लावून सराव करत. समोरच्या साळुंकीवर नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, आणि दहा मिनिटं तसंच. तिसऱ्या मजल्यावरच्या चिनी आँटीनं पोलिसांना फोन केला. दोन तरुण पोलीस आले.

"सर, काय करताय?"

"श्वास घेतोय," साहेब म्हणाले.

पोलिसांनी छत्री उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिली आणि गेले. आँटी वरून सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "अंकल, कॅनॉट लाइक दॅट ला! दॅट बर्ड ऑल्सो गॉट फॅमिली!" त्यावर साहेब माझ्यावरच खेकसले, "बघितलंस? पूर्ण न बघता फोन दाबला!"

मला हसू येई, पण रागही येई. मी एकदा नोव्हेनाच्या एका दवाखान्याला चुकीची फाइल मेल केली. मेल परत ओढून घ्यायची सोय होती. साहेबांनी माऊसवरचा माझा हात उचलला. "गोळी सुटली की तिच्या मागे चालत जायचं." आणि मला एमआरटीच्या गाडीत बसवून तिथल्या डॉक्टरीणबाईंची तोंडी माफी मागायला पाठवलं. माझं ते फोनवर न येणारं इंग्रजी तोंडावर तर अजिबात येत नव्हतं. पण ती बाई पुढे आमची कायमची गिऱ्हाईक झाली. असे त्यांचे उपकार. प्रत्येक उपकारात एक अपमान असायचाच.

तर गेल्या वर्षी ते मला म्हणाले, "सेलूकर, चल माझ्याबरोबर. बंदूक धरायची नाही, नुसतं चालायचं." मी गेलो. नाही कसं म्हणणार?

पहिल्याच दिवशी भांडण. रॉब स्वतःची रायफल खांद्याला अडकवून निघाला. साहेब रस्त्यातच उभे. "ती गाडीत ठेव. माझ्यावर विश्वास नाही?" रॉब म्हणाला, "तुझ्यावर आहे. तुझ्या डोळ्यांवर नाही." त्याचं खरं होतं. गेली दोन वर्षं साहेबांना स्टेशनवरचा बोर्ड वाचता येत नव्हता. विचारलं की म्हणत, बोर्ड खराब आहे. पण शेवटी रॉबनं रायफल गाडीत ठेवली. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्यावरही काही उपकार असतील.

तिसऱ्या दिवशी नर दिसला. आपल्याकडच्या सांबराएवढा. ओढ्यापलीकडे उभा राहून ओरडत होता. साहेबांनी नेम धरला, श्वास अर्धा सोडला. मी मनात तीस मोजले. गोळी खांद्यामागे लागायला हवी होती, पोटात लागली.

तो नर वाकडा होऊन उतारावर पळाला. आमच्याकडे दुसरी गोळी नव्हती. रॉब एक शिवी हासडून गाडीकडे पळत सुटला. जायला दीड तास, यायला त्याहून जास्त. आम्ही दोघं रक्ताच्या मागावर. तासाभरानं तो एका झुडपाआड बसलेला सापडला. जिवंत होता. उठायला बघत होता.

आणि मी बोललो. सहा वर्षांचं सगळं बोललो. "साहेब, अवघड तुम्हाला करून घ्यायचं होतं ना? मग अवघड त्याला का गेलं? मान तुमचा, पोट त्याचं! दुसरी गोळी तुमच्यासाठी नसते, ती त्याच्यासाठी असते, एवढं कळत नाही तुम्हाला? आणि आम्हाला शिकवता, आधी बघ, मग दाब!" रॉब रायफल घेऊन वर पोचला तेव्हाही मी बोलतच होतो.

ऑफिसात हे प्रिंटरवरही ओरडायचे. पण हे सांगायला हवं: तेवढा सगळा वेळ साहेब त्या नरापासून दहा पावलांवर गवतात बसून होते. जवळ गेलं तर तो घाबरून उठेल म्हणून जवळ नाही, आणि त्याला एकटं टाकायचं नाही म्हणून लांबही नाही. मी दम खायला थांबलो तेव्हा ऐकलं, ते त्याच्याशी हळू आवाजात मराठीत बोलत होते. "थांब रे राजा. येतोय तो. आलाच बघ."

रॉबच्या गोळीनं काम झालं. साहेबांनी टोपी काढली. विमानात ते खिडकीकडे तोंड करून बसले.

परतल्यापासून मी त्यांचा "मिस्टर गायके" झालो. कामापुरतं बोलणं. मला वाटलं, त्यांनी मला टाकलं. त्याचा राग वेगळाच.

मागच्या आठवड्यात रॉबची मेल आली. साहेबांनी एप्रिलसाठी नाव नोंदवलंय, एकटे येतायत, एकच काडतूस म्हणतात, मी काय करू? सोबत त्यानं साहेबांचा फॉर्म जोडला होता. डोंगरावर काही झालं तर कोणाला कळवायचं, असा एक रकाना त्यात आहे. रॉबनं लिहिलं होतं, "बायको होती तोवर तिचं नाव असे. ती गेल्यावर सहा वर्षं रकाना कोरा. मी दरवेळी भांडायचो, हा कोराच ठेवायचा."

यंदा तिथे माझं नाव आहे. खाली नातं विचारलंय. तिथे साहेबांच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलंय: "घरचा. माझ्यावर रागावलेला आहे, पण फोन उचलेल."

मी ते ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. मग घरी जाऊन हे पत्र लिहिलं आणि पोस्टानं पाठवलं.

ती. दळवीसाहेब यांस,

शि. सा. न.

रॉबनं फॉर्म दाखवला. मला न विचारता माझं नाव लिहिलंत. मी रागावलेला आहे हे बरोबर लिहिलंत. पण फोन उचलेन हे कशावरून? तिथून येणारा फोन कशाचा असेल ते मला माहीत आहे, आणि तो मला उचलायचा नाही. तेव्हा तो रकाना खोडा. मी तुमच्याबरोबरच येतोय. रजेचा अर्ज टाकला आहे, तो तुमच्याच टेबलावर येईल. नामंजूर केलात तर बिनपगारी येईन.

बंदूक एका गोळीचीच असू द्या. तो तुमचा हट्ट मला कळतो. पण रॉबची रायफल त्याच्या खांद्यावर राहील, आणि ती कोणासाठी आहे ते मी पुन्हा सांगणार नाही.

शनिवारी अकरा वाजता टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात तुमची वेळ घेतली आहे. मी साडेदहाला तुमच्या इमारतीखाली उभा असेन. वाद घालायचा असेल तर वाटेत घाला.

गेल्या वर्षी बोललो त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. रॉबसमोर बोललो, तेवढं माझं चुकलं.

तुमचा,
बालाजी