सावरीचे वजन

सात आठवड्यांत आमच्या मांजरीचे वजन दोन किलो शंभर ग्रॅमने वाढले. त्यांपैकी सहा आठवडे तिला निम्मेच खाणे मिळत होते.

मापन हा माझा व्यवसाय आहे. इतरांचे काटे खरे बोलतात की खोटे, हे तपासून मी त्यांवर सहीची चिकटपट्टी लावतो. याच कामासाठी मला परदेशात नोकरी मिळाली, तेव्हा मी घरात जाहीर केले, "सावरीला नेणं माझ्यावर सोडा. हा निव्वळ आकड्यांचा प्रश्न आहे!"

विमानात मांजर पायाशी ठेवायचे, तर पिशवीसकट मर्यादा सात किलोंची. त्यापुढे गेले की लाकडी पेटीत घालून खाली सामानाच्या कप्प्यात. सावरी चार किलो दोनशे, पिशवी एक किलो चारशे. काळजीचे कारणच नव्हते.

"ती सामानात गेली, तर मीपण सामानात जाणार," नऊ वर्षांच्या मुलीने बजावले.

"तुझं वजन बसेल त्यात," मी म्हणालो. हा विनोद घरात कोणालाही आवडला नाही.

सावरी काट्यावर एकटी थांबत नाही. म्हणून दर रविवारी तिला छातीशी धरून मी काट्यावर उभा राही आणि आलेल्या आकड्यातून माझे एकाहत्तर किलो चारशे वजा करून उत्तर वहीत लिही. दुसऱ्याच रविवारी उत्तर आले साडेचार किलो! त्या आठवड्यात नोकरीच्या आनंदात आम्ही रोज बाहेर जेवलो होतो. म्हणजे तिला कोणाच्या ताटातले मिळाले असण्याचाही संभव नव्हता.

मी तत्काळ तिचे खाणे निम्मे केले. सासूबाई तिच्यासाठी रोज चिकन उकडत, ते मात्र सवयीने पूर्वीइतकेच. उरलेले निम्मे टाकून देणे मला पटेना. पावाच्या दोन कापांत लोणी आणि मिरपूड घालून मी त्याची परस्पर व्यवस्था लावत असे.

तिसऱ्या रविवारी चार आठशे. चौथ्या रविवारी पाच शंभर. मी स्वयंपाकघरातल्या कपाटांना तारीख घालून चिकटपट्ट्या लावल्या आणि सासूबाईंना गाठले.

"आई, सावरीला मधूनमधून काही दिलं जातं का?"

"जावईबापू, द्यायचं तर मी उघड देईन. चोरी कशाला करू?"

"मग वजन येतं कुठून? शून्यातून वस्तुमान निर्माण होत नाही."

"वजन? अहो, वाळून काडी झालीय ती! बरगड्या मोजता येतात."

"मोजल्यात?"

"तेरा! एका बाजूच्या."

मी पडताळून पाहिले. तेराच होत्या. परंतु बरगड्यांवरून वजन काढण्याची कोणतीही प्रमाणित पद्धत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणे सोडले.

"आईची माफी मागा," बायको म्हणाली. "आणि या पँटचं बटण का लागत नाहीये?"

"इस्त्रीवाल्यानं आटवली."

जनावरांच्या डॉक्टरांनी प्रवासाच्या दाखल्यासाठी सावरीला उचलले. "हाताला हलकी लागते हो. काट्यावर ठेवू या."

"हाताला लागणं म्हणजे मापन नव्हे, डॉक्टर. आणि तुमच्या या काट्याची तपासणी दोन वर्षं झालेली नाही."

मी त्यांच्यापुढे वही ठेवली. आठ रविवार, आठ नोंदी, शेवटी आलेख. डॉक्टरांनी वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने सहा किलो तीनशे लिहिले. "तुमच्यापेक्षा मांजर बरी," ते म्हणाले. "निदान सुई टोचली की गप्प बसते."

सहा तीनशे आणि एक चारशे, सात किलो सातशे. मर्यादा ओलांडली गेली होती! सहा किलोंची लाकडी पेटी आली. मुलीने आत आपला स्वेटर अंथरला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "उलटी ठेवू नका. आत सावरी आहे." मग तिनेही माझ्याशी बोलणे सोडले.

विमानतळावर आम्हाला पोहोचवायला सासूबाई आल्या होत्या. हातात एक फुगलेली कापडी थैली. खिडकीवरच्या बाईंनी पेटी काट्यावर ठेवून घेतली.

"एकूण नऊ सातशे. पेटी सहा. म्हणजे मांजर तीन सातशे. कागदावर तर सहा तीनशे! साहेब, ही दुसरीच मांजर आहे."

"बाबा!" मुलगी किंचाळली.

"तुमचा काटा चुकतोय," मी शांतपणे म्हणालो. "तपासणी कधी झाली होती?"

"मागच्या महिन्यात. ही बघा चिकटपट्टी."

मी वाकून पाहिले. सही माझी होती.

बाईंनी सावरीच्या मानेवरून यंत्र फिरवले. कातडीखालच्या चिपचा क्रमांक कागदाशी जुळला; मांजर तीच होती.

"मग चुकलं कोण?" बाईंनी विचारले.

बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःचं वजन शेवटचं कधी केलं?"

"पहिल्या रविवारी. तीनदा."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला? तो स्थिरांक आहे!"

"चढा काट्यावर!" सासूबाई गरजल्या. पाच आठवड्यांतले त्यांचे हे मला उद्देशून पहिलेच वाक्य.

बूट काढून, खिसे रिकामे करून मी चढलो. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने आकडा मोठ्याने वाचण्याची तसदी घेतली, "चौऱ्याहत्तर!"

सासूबाईंनी थैलीतून सावरीची जुनी पिशवी काढली. "मला डोळे आहेत, जावईबापू. म्हणून आणली."

"तीन सातशे आणि एक चारशे, पाच शंभर!" मुलीने मोठ्याने बेरीज केली. बाईंनी दाखल्यावरचा आकडा खोडून शिक्का मारला. "ठेवा पायाशी."

विमानात बसल्यावर मी वही उघडून अखेरची नोंद केली. ती अशी: मांजरीचे वजन पाचशे ग्रॅमने घटले. मांजर धरणाऱ्याचे दोन किलो सहाशे ग्रॅमने वाढले. कारण: मांजरीचे निम्मे खाणे तो खात होता, लोणी लावून.