धुळाशेठचं निर्दोष चाक

धुळाशेठच्या कांबळ्यांच्या कारखान्यात इंजिनाचं दात्यांचं चाक तुटलं आणि सगळे माग उभे राहिले. गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेत कांबळी गेली नाहीत, तर वर्षाचा हंगाम बुडालाच म्हणून समजा. ओतकाम करणाऱ्या इलाहीबक्षने मात्र वेळेत चाक देण्याचा शब्द पाळला आणि आपल्या भट्टीत नवं चाक ओतून आणून दिलं. तेही शेठच्याच भंगारातून, कारण नवं लोखंड घ्यायचं म्हटलं की शेठच्या जिवावर यायचं. त्या भंगारात आजोबांची न उघडणारी लोखंडी पेटीही गेली होती.

मोडनिंबात लोकर विकता विकता शेठ झालेल्या या माणसाच्या मते जगात शहाणे दोनच. एक आपण, दुसरा अजून जन्माला यायचा होता. त्यामुळे समोर चोख माल आला की त्याला हमखास संशय यायचा.

"वरनं गुळगुळीत दिसतंय. आत बुडबुडे असतील तर?" तो म्हणाला.

"तर माझ्या टाळक्यात घाला," इलाहीबक्ष म्हणाला. "आत्ता बसवा, सांजच्याला माग चालू हुतील."

पण चाक बसवून बघणं हे अडाण्यांचं काम! शेठने गुरुबसप्पा डॉक्टरांकडून ऐकलं होतं, की विलायतेत आता लोखंडाचाही बिजलीने फोटो काढतात आणि न फोडता आतलं व्यंग ओळखतात. हाडांचे फोटो काढायचं तसलं यंत्र डॉक्टरांनी नुकतंच आणलं होतं. रोगी फारसे फिरकत नसल्याने ते लोखंडालाही तयार झाले.

विलायती शास्त्रावर शेठचा पूर्ण विश्वास होता, तरी धोका कशाला पत्करा? निघण्यापूर्वी त्याने म्हसोबाचं नाव घेतलं, तेलात शेंदूर कालवला आणि चाकाच्या मधल्या पातळ तबकडीवर, मागच्या बाजूने, तीन बोटं जाडजूड ओढली. डॉक्टरांना दिसू नये म्हणून मागच्या बाजूने.

"डाक्टरची चादर खराब हुईल की. पुसून तरी न्या," कस्तुराबाई म्हणाली.

"तुला शास्त्रातलं काय कळतंय?" शेठने बायकोला गप्प केलं.

मैनुद्दीनच्या टांग्यातून चाक दवाखान्यात गेलं. रोग्याच्या टेबलावर, पांढऱ्या चादरीवर त्याला निजवलं. डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं आणि सवयीने फर्मावलं, "हं, श्वास रोखा."

चाक गप्प पडून होतं. श्वास शेठने रोखला.

फोटो धुऊन आला. काळसर चाकाच्या मधोमध तीन पांढऱ्या पट्ट्या चमकत होत्या. असलं काही डॉक्टरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. 'मला ठाऊक नाही' हे शब्द मात्र त्यांच्या शिक्षणात नसावेत.

"क्लिअर केस आहे," ते म्हणाले. "आत लोखंडाहून जड धातू आहे. किरण अडलेत ना! शिसं असेल, सोनं असेल."

शिसं हा शब्द शेठच्या कानात शिरलाच नाही. आजोबांची पेटी! सोन्याच्या तीन कांड्या! तो पैलवानासारखं चाक कवटाळून टांग्यात बसला. घरी येताच त्याने इलाहीबक्षला मोठा घण घेऊन बोलावलं.

इलाहीबक्षने कपाळाला हात लावला. "शेठ, सोनं असतं तर भट्टीत कवाच इरघळलं असतं की!"

"आमच्या आज्याचं सोनं हाय. असं तसं इरघळनार न्हाय."

"आवो, जत्रा चार दिसांवर आली. चाक बसवा!"

"व्हय, म्हंजे सोनं फिरत ऱ्हाईल आन् आमी कांबळी इकत बसू? आन घण हिकडं!"

कारखान्यातली माणसं बघत उभी राहिली. चाक इतकं पक्कं होतं की घण उसळून परत यायचा. शेठला घाम फुटला, धोतर सुटायला आलं, पण लोभ सुटला नाही. शेवटी चाकाचे तुकडे झाले. तुकड्यांचे तुकडे झाले. आत सगळीकडे एकसारखं घट्ट, करडं लोखंड होतं. बुडबुडा नाही, चीर नाही, आणि सोनं तर नाहीच नाही.

तेवढ्यात दाराशी टांगा वाजला. डॉक्टर हसतमुखाने उतरले. हातात शेंदराने माखलेली चादर होती.

"शेठ, गुड न्यूज! चादर पाहिली आणि शंका आली. नुसत्या शेंदराचा फोटो काढून पाहिला. शेंदरात शिसं असतं हो! त्या पट्ट्या बाहेरच्या होत्या. बाकी फोटो मी पुन्हा नीट तपासला. चाक अगदी निर्दोष आहे. खुशाल बसवा!"

शेठ घण धरून तुकड्यांच्या मधोमध उभा होता. डॉक्टरांनी खाली पाहिलं आणि ते चादरीची घडी घालायला लागले. कस्तुराबाई पदर तोंडाला लावून आत पळाली.

मग शेठ खाकरला. "इलाहीबक्ष, जत्रेच्या आदी दुसरं हुईल का रं?"

इलाहीबक्ष तुकडे पोत्यात भरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "जत्रेच्या आदी कसलं हुतंय? हुईल मागनं. पर ह्या खेपंला डाक्टरला तुमच्याच डोक्याचा फोटू काडू द्या. किरण कुटं अडत्यात, बगू."