चढत्या पाण्यातली दाढ

"आधी पट्टी बघायची, मग चहा. चहा पिऊन पट्टी बघणाऱ्याच्या हातून हा धंदा होत नाही."

सासऱ्यांचे हे शब्द धाकट्या जावयाच्या कानात रोज सकाळी गजराच्या आधी वाजत. सासरे स्वतः तिथे नव्हते. गुडघ्यांनी नदीकाठचा उतार नाकारल्यावर ते शहरात थोरल्या लेकीकडे राहायला गेले होते आणि जाताना नदीकाठचं पाहुणेघर, दोन होड्या, एक नावाडी आणि किल्ल्यांचा जुडगा धाकट्या जावयाच्या हवाली करून गेले होते. हवाली म्हणजे हंगामापुरतं. "किल्ल्या सांभाळायला दिल्यात, दिल्या नाहीत," असं त्यांनी होडीत पाय ठेवताना बजावलं होतं. हंगाम नीट गेला तर पाहुणेघर धाकट्याचं. नाही गेला, तर थोरल्या जावयाला तिथे लाकडाची वखार घालायची होती आणि तो जागेची मापंही घेऊन गेला होता. जुडग्यात एकच किल्ली कमी होती. सासऱ्यांच्या स्वतःच्या गळांच्या कपाटाची. ती ते कोटाच्या आतल्या खिशात घेऊन गेले.

पाहुणेघर हौशी गळवाल्यांचं होतं. मासा पकडायचा, कौतुकाने न्याहाळायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं, एवढ्यासाठी माणसं लांबून येत. सोडायचाच तर धरायचा कशाला, असं धाकट्या लेकीने लहानपणी आईला विचारलं होतं. "पुरुषांना विचारू नये असं," आई म्हणाली होती, "त्यांनाही माहीत नसतं."

धंद्याचं मर्म मात्र सासऱ्यांना माहीत होतं. नदी फुगली की काठच्या रानात शिरते आणि झाडांखाली पडलेली फळं खायला मासे तिच्यामागोमाग आत जातात. त्या बुडालेल्या रानात मासा शोधणं म्हणजे लग्नघरात आपली चप्पल शोधणं. पाणी उतरू लागलं की रान कोरडं पडतं आणि सगळे मासे ओहोळांच्या तोंडाशी गर्दी करत नदीत परततात. तेव्हा आंधळ्याने गळ टाकला तरी रिकामा येत नाही. म्हणून सासऱ्यांनी नदीच्या वळणावर खडकात खांब रोवला होता, त्यावर पत्र्याची पट्टी ठोकली होती आणि पट्टीवर एक लाल रेघ ओढली होती. पाणी रेघेखाली गेलं की पाहुण्यांना बोलवायचं. रेघेवर असलं की "खोल्यांना रंग चाललाय" म्हणून सांगायचं.

जावई आळशी नव्हता. त्याला फक्त चहा गरम लागत असे. वळणावर जाऊन येईतो चहा निवायचा, आणि चहाआधी जायचं तर डोळे उघडत नसत, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याने उतारावरचा चिखल अंगभर घेतला होता. दुसऱ्या वेळी घसरताना त्याला सुधारणा सुचली. व्हरांड्यासमोर त्याने नवा धक्का बांधून घेतला होता, रिकाम्या पिंपांवर तरंगणारा, म्हणजे पाणी कितीही असलं तरी पाहुण्यांचा पाय सरळ होडीत पडावा. जावयाने खांबावरची पट्टी उपटली आणि त्या धक्क्याच्या कडेला ठोकली.

आता व्हरांड्यात कप हातात घेऊन बसल्या जागी पट्टी दिसे. तो आधी पट्टी बघे आणि मगच पहिला घोट घेई. नेम अक्षरशः पाळला जात होता. नेमाला लोड-तक्क्या दिला की नेम झोपतो, हे त्याला अजून कळायचं होतं. पाणी चढलं की धक्का चढे, धक्क्याबरोबर पट्टी चढे, आणि लाल रेघ कायम पाण्याच्या चार बोटं वर राही.

"मामा, रेघेखाली चार बोटं," तो फोनवर सांगे.

"कालही चारच होती ना?"

"हो. आणि परवाही."

"वरच्या अंगाला पाऊस झाला म्हणून पेपरात आलंय."

"इकडे काही परिणाम नाही, मामा. नदी अगदी शहाण्यासारखी आहे."

सासऱ्यांनी फोन ठेवला आणि थोरल्या लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी होतो तोवर दिवसाला हात हात वरखाली व्हायची. याचा पायगुण." हे ऐकून थोरला जावई जेवणावरून जरा लवकर उठला.

जावयाने दातांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणजे पाहुणेघराचे मानकरी. दरवर्षी येत, आणि दरवर्षी त्यांना एकच मासा हवा असे. दातऱ्या. या नदीतल्या या मोठ्या फळखाऊ माशाला माणसासारख्या दाढा असतात, असं त्यांनी ऐकलं होतं, पण त्याचं तोंड काही त्यांना अजून बघायला मिळालं नव्हतं. तोपर्यंत ते सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत. सासऱ्यांची उजवी दाढ कित्येक वर्षं किडलेली होती. डॉक्टर ती काढा म्हणत, आणि सासरे दोन लवंगा तोंडात टाकून विषय नदीकडे नेत.

"या वर्षी दातऱ्या नक्की," जावई फोनवर म्हणाला. "पट्टीच तसं सांगतेय."

डॉक्टर नवा गळ, नवं रीळ आणि डबाभर नवी आमिषं घेऊन आले. पहिल्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बूट लागला.

"आमिष बदला," जावई म्हणाला.

"बदललं," डॉक्टर म्हणाले.

"मग जागा बदलू. काय रे, ओहोळाच्या तोंडाशी जावं का?"

"जावं की," नावाडी म्हणाला.

"तिथून तर आत्ता आलो," डॉक्टर म्हणाले.

"मग नको जायला," नावाडी म्हणाला. शेवटी बोलणाऱ्याचं तो कधी मोडत नसे, म्हणून तर सासऱ्यांकडे इतकी वर्षं टिकला होता.

घरात वेगळीच तक्रार चालू होती. स्वयंपाकघरामागे पेरूची झाडं होती, आणि जावयाची बायको रोज खाली पडलेले पेरू मुरंब्यासाठी वेचून आणी.

"अहो, झाडांखाली पाणी आलंय. पायरीला लागलंय."

"शक्य नाही. पट्टीवर रेघेखाली चार बोटं आहे."

"पट्टीला दाखवा मग ती पायरी. आणि पेरू पण जातायत. पडल्याचा आवाज येतो, जाऊन बघावं तर पाण्यावर एक नाही."

"वटवाघळं असतील."

"पाण्याखालची?"

जावयाने यावर विचार केला आणि चहा मागितला.

तिसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांनी सासऱ्यांना फोन लावला. आवाजात तक्रार नव्हती, पण पुढच्या वर्षी दुसरीकडे कुठे बघावं का, असा सल्ला त्यांनी विचारला. दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे होडीतून आले. गाल सुजलेला, तोंडात लवंगा, आणि हातात थोरल्या जावयाने आग्रहाने दिलेली मापांची फीत.

होडीतून ते नव्या धक्क्यावर उतरले. वाकून पट्टी पाहिली. पाणी रेघेला टेकलेलं होतं.

"चार बोटं म्हणत होतात ना तुम्ही, जावईबापू?"

"सकाळी चारच होती, मामा."

सासरे तावातावाने धक्क्यावरून काठावर गेले. मागे वळून बघतात, तो पाणी रेघेखाली चार बोटं. ते पुन्हा धक्क्यावर आले. पाणी रेघेला टेकलं. मागे गेले. पाणी उतरलं. असं त्यांनी बराच वेळ केलं, आणि व्हरांड्यातून डॉक्टर, लेक आणि नावाडी नदीची ही भरती-ओहोटी बघत राहिले.

"मी उभा राहिलो की नदी चढते," सासरे अखेर म्हणाले. "एवढा मोठा झालो मी, आणि मला कुणी सांगितलं नाही."

जावयाने पट्टीकडे पाहिलं, पिंपांकडे पाहिलं आणि मग आपल्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"नावाड्या, तुला दिसत नव्हतं रे पाणी चढलेलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"दिसत होतं की."

"मग बोलला नाहीस?"

"हे म्हणाले, उतरलंय. मी म्हटलं, उतरलं असेल."

सासरे व्हरांड्यात बसले. बोलताना त्यांचा गाल एका बाजूला राहत होता, त्यामुळे रागसुद्धा अर्धाच दिसत होता. "डॉक्टर, माफ करा. नदी पार रानात गेलीय. चढत्या पाण्यात इथे कुणाच्या बापाला दातऱ्या लागलेला नाही. उद्या सकाळी होडी देतो, परत चला. पाहुणेघराचं काय करायचं ते मी बघतो." बोलता बोलता त्यांची बोटं मापांच्या फितीशी चाळा करत होती.

बायको आत गेली आणि तिने भांडी जरा जोरात ठेवली.

"आलोच आहे तर आज बसतो जरा गळ टाकून," डॉक्टर म्हणाले. "कुणी सांगावं."

"मी सांगतो ना. चढत्या पाण्यात दातऱ्या गळाला लागला, तर ही माझी दाढ तुमच्या हवाली."

"शब्द?"

"शब्द. आणि जावईबापूंना सगळ्या किल्ल्यासुद्धा." हे म्हणताना त्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच सुरक्षित वाटत होत्या.

डॉक्टर गळ घेऊन कुठे बसावं याच्या विचारात घराला वळसा घालून मागे गेले. बायको पायरीवर उभी होती. पाणी आणखी एक पायरी चढलं होतं आणि पेरूची झाडं गुडघाभर पाण्यात होती. वरून एक पेरू पडला. डुबुक झालं. मग खालून आणखी एक आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा, आणि पेरू वर आला नाही.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "हे म्हणतात वटवाघूळ."

डॉक्टरांनी कान पाण्याकडे वळवला. दाढांनी चावण्याचा आवाज त्यांच्याइतका कोण ओळखणार. त्यांनी आमिषांचा डबा बाजूला ठेवला.

"वहिनी, एक पेरू मिळेल?"

"मुरंब्याचे आहेत. बरं घ्या, त्यातला डागाळलेला घ्या."

पेरू गळाला लावून त्यांनी तो झाडाखाली अलगद सोडला. डुबुक. मग काठी एकदम कमानीसारखी वाकली आणि रीळ ओरडायला लागलं. मासा पहिल्या झाडाला वळसा घालून दुसऱ्याकडे गेला. दोरा कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकला, दोरी तुटली, आणि सासऱ्यांचा प्रवासातला, नुकताच धुतलेला सदरा बाह्या पसरून पेरूच्या झाडांमधून वेगाने पोहू लागला. जावई सदऱ्यामागे पाण्यात उतरला. डॉक्टर पायरीवरून घसरून बसले, पण काठी सोडली नाही.

गोंगाट ऐकून सासरे आले. क्षणभर त्यांनी पाहिलं. हा मासा वर येण्यात आपलं काय काय जाणार आहे, हे त्यांना त्या वेळी आठवायला हवं होतं. पण गळाला मासा असताना त्यांना आजवर दुसरं काही आठवलेलं नव्हतं.

"ढील द्या," ते म्हणाले. "ओढू नका, डॉक्टर, ढील द्या. दाढ उपटताय का? जावईबापू, त्या सदऱ्याला जाऊ द्या, झाडामागून फिरवा त्याला. आता घ्या. हळू. पुन्हा ढील." आणि गुडघ्यांना न विचारता ते पाण्यात शिरले, नावाड्याच्या हातातलं जाळं हिसकलं आणि शेवटी स्वतःच ते माशाखाली सरकवून उचललं.

मासा लेकीच्या धुण्याच्या टबाएवढा होता. सगळे धापा टाकत होते, माशासकट. डॉक्टरांनी ओल्या हाताने हळूच त्याचा ओठ उचलला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"काय दाढा आहेत," ते अखेर हलक्या आवाजात म्हणाले. "एका रेषेत. एकाही दाढेला कीड नाही."

मग त्यांनी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, त्याचा श्वास पुन्हा नीट चालू होईपर्यंत थांबले आणि सोडून दिलं. मासा पेरूच्या झाडांमधून सावकाश निघून गेला. आता बघायला दुसरं तोंड उरलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

सासरे जाळं पिळत होते. "पाणी मात्र चांगलंच चढलंय," ते म्हणाले.

"काका, माझा दवाखाना उद्या उघडा आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी मी चढत्या पाण्यातच येणार. दोन मित्रांना घेऊन. वहिनी, मुरंबा सगळा नका करू."

सकाळी उजाडलं तेव्हा सासरे व्हरांड्यात आले. धक्क्याच्या कडेला पट्टी नव्हती, नुसती खिळ्यांची भोकं होती. कठड्यावर जावयाची विजार वाळत होती, कमरेपर्यंत चिखलाने माखलेली. चुलीवर चहाचं आधण नुकतंच चढलं होतं, आणि जावई वळणावरच्या खांबाकडून घसरत घसरत परत येत होता.

"रेघेच्या दीड हात वर, मामा," तो खालूनच म्हणाला.

सासऱ्यांनी मान हलवली. लेकीने पुढे केलेला चहा त्यांनी डाव्या बाजूने, फुंकून फुंकून संपवला. मग कोटाच्या आतल्या खिशातून कपाटाची किल्ली काढून रिकाम्या बशीत ठेवली आणि तिच्या शेजारी मापांची फीत ठेवली.

"बाबा, एवढ्या लवकर कुठे निघालात?" लेकीने विचारलं.

"जरा जाऊन येतो," ते म्हणाले. त्यांनी उरलेल्या लवंगा कठड्यावर काढून ठेवल्या, टोपी घातली आणि डॉक्टर आधीच बसलेल्या होडीकडे, गालावर हात धरून, हळूहळू उतरत गेले.