मुकादमाचं पथ्य

तीनवार काका आणि त्यांची बायको यांचं भांडण झालं नाही, असा दिवस शोधून सापडला नसता. काकांची हयात फळबाजारात लिलाव पुकारण्यात गेली. 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणून त्यांनी हातोडा आपटला की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला पेंगणारा हमाल दचकून उठायचा. लोकांनी नावच पाडलं तीनवार. बायको मोटार शिकवायची. नवशिक्यांवर 'ब्रेक दाबा' म्हणून ओरडून तिचा गळा तयार झाला होता, आणि तो गळा ती घरी येताना काही गाडीत ठेवून येत नसे. भांडणाला विषय लागायचा नाही. खिडकी उघडी का, इथून सुरुवात व्हायची आणि लग्नात कोणाचा मामा रुसून बसला होता, तिथे गाडी पोचायची.

या रणधुमाळीच्या बरोब्बर मधोमध सतरंजीवर त्यांचा कुत्रा पडलेला असे. रंगाने तांबूस, कान लोंबते, पोट सुटलेलं. लेकीने शाळेत असताना पिल्लू म्हणून उचलून आणला होता. लेक पुढे नोकरीसाठी परगावी गेली आणि हा म्हाताऱ्यांकडे राहिला. दोघांची जुंपली की तो एकदा काकांकडे, एकदा बायकोकडे बघायचा, काम नीट चाललंय ना याची खात्री करून घ्यायचा आणि खुशाल घोरायला लागायचा. म्हणून त्याचं नाव मुकादम.

तर या मुकादमाला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी दोघांनी एकमेकांना दोष दिला, तुम्हीच खायला घालून फुगवलाय वगैरे, आणि मग घाबरून त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. तपासणी झाली, छातीचे फोटो निघाले. हृदयाची झडप गळत होती. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की रस्ते दोन आहेत. गोळ्या चालू ठेवायच्या, नाहीतर मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन. पण या वयात ऑपरेशनला धोका आहेच. म्हणून आधी आठवडाभर गोळ्या देऊन बघायचं आणि रोज त्याचे झोपेतले श्वास मोजायचे. मिनिटाला तिसाच्या आत राहिले तर गोळ्यांवर भागेल. वर चढले, तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

"आणि एक," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याच्या जिवाला दगदग नको. घर जरा शांत ठेवा."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

पण मुकादमासाठी काय वाट्टेल ते. घरी आल्याबरोबर करार झाला की यापुढे आवाज चढवायचा नाही. पंचाईत अशी, की आत्ताच खरा भांडायचा विषय हाती आला होता. काकांना ऑपरेशन हवं होतं. त्यांचं म्हणणं, आज उचलला नाही तर उद्या माल नासतो, काय ते एकदाच होऊन जाऊ दे. बायको म्हणे, जुन्या गाडीचं इंजिन उघडायचं नसतं, ती बेताने चालवायची असते. एरवी या वादाने शेजारच्या चार बिऱ्हाडांची करमणूक झाली असती. आता तो अंगाईच्या सुरात चालायचा.

"अगं, तुला काडीचीही अक्कल नाही बरं का," काका मधाळ आवाजात म्हणत.

"हो ना, सगळी तुमच्याच घराण्यात वाटली गेली," बायको तितक्याच गोडव्याने उत्तर देई आणि त्यांच्या पुढ्यात चहा ठेवी.

मुकादम हे सगळं सतरंजीवरून ऐकत होता. पहिल्या दिवशी त्याने नुसते कान टवकारले. दुसऱ्या दिवसापासून तो दोघांच्या मागे मागे फिरायला लागला. डोळे मिटून पडायचा, पण कोणी कूस बदलली तरी शेपटी हलायची. काका गुडघे धरून त्याच्याजवळ बसत आणि श्वास मोजत. आकडा तिसाच्या वर. पुढच्या दिवशी आणखी वर. मग दोघं आणखी हळू बोलायला लागली. तरी आकडा चढलाच. शेवटी खुणांनी बोलणं सुरू झालं. काका एरवी हट्ट सोडणाऱ्यातले नव्हेत, पण आकडा आपल्या बाजूने, म्हणजे ऑपरेशनकडे झुकतोय म्हटल्यावर ते घाबरले. हा लिलाव त्यांना जिंकायचा नव्हता. त्यांनी मान खाली घालून बायकोला सांगितलं, "तू म्हणशील तसं करू."

नेमका त्याच वेळी लेकीचा फोन आईच्या कानाला लागलेला होता. उगाच काळजी नको म्हणून तिला काही कळवलं नव्हतं. बाबा 'तू म्हणशील तसं' म्हणाले हे ऐकून पोरीने लगेच तिकीट काढलं. असले शब्द त्या घरात तिने जन्मात ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी. डोळे सुजलेले.

"खरं सांगा," ती म्हणाली, "तुम्ही वेगळे होताय का?"

मुकादमाने तिला पाहून उडी मारली. तिघंही 'शू, शू' करत त्याला धरायला धावली. आजाराची गोष्ट कळल्यावर लेक भडकली, आणि आईबापांच्या खुणा बघून कुजबुजत भडकली. आता तिघं जण कुजबुजताहेत म्हटल्यावर मुकादमाचा धीर सुटला. तो थरथरायला लागला, जीभ बाहेर आली. श्वास मोजायच्या पलीकडे गेले.

त्याला उचलून गाडीत घातलं. बायको चालवायला, काका शेजारी, लेक मागे मुकादमाला मांडीवर घेऊन. कोणी अवाक्षर काढत नव्हतं. पहिल्याच चौकात काकांना राहवलं नाही. त्यांनी डावीकडे घे म्हणून हात केला. बायकोने उजवीकडे घेतलं. पुढे रस्ता खोदलेला.

"डावीकडे सांगितलं होतं ना मी!"

झालं. आठवडाभराचं तुंबलेलं धरण फुटलं. इतकी वर्षं गाडी शिकवतेय, मला रस्ते शिकवता का? रस्ते सोड, साधं ऐकायला शीक. काच खाली होती, शेजारचा सायकलवाला बावचळून थांबला. मामाच्या रुसव्यापर्यंत गाडी पोचली आणि दवाखानाही आला. मग दोघांना एकदम भान आलं, आणि दोघंही पांढरीफटक पडली. मागे वळून बघायची हिंमत कोणाला होईना.

"आई," मागून लेक म्हणाली, "हा घोरतोय."

डॉक्टरबाईंनी त्याला तसंच झोपलेलं टेबलावर घेतलं. घड्याळ लावून श्वास मोजले, नळी लावून छाती ऐकली, पुन्हा मोजले. आकडा तिसाच्या बराच आत होता. गोळ्या चांगल्या लागू पडल्या होत्या. घरचे आकडे ऐकल्यावर त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि सगळं ऐकून त्या हसत सुटल्या.

"अहो, तो घरी झोपतच नव्हता. डोळे मिटून पाळत ठेवत होता. घरात काहीतरी भयंकर घडलंय असं वाटलं असणार त्याला. ऑपरेशन आत्ता नको. गोळ्या चालू ठेवा आणि नेहमीसारखं वागा."

काका खिडकीबाहेर बघत चष्मा पुसत राहिले. बायकोने त्यांच्या हातात आपला रुमाल दिला. तेही भांडण न काढता.

संध्याकाळी मुकादम सतरंजीवर येऊन बसला आणि दोघांकडे बघायला लागला. आता डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर काकांनी घसा साफ केला. भाजीत मीठ जास्त झालंय, असं ते म्हणाले.

"हो हो, पडलं खरं जरा," बायको म्हणाली.

मुकादमाने कान टवकारले.

"अगं, कबूल काय करतेस? असं भांडतात का?"

"मग तुम्ही नीट सुरुवात करा ना. मीठ काय, मीठ. काही दम आहे का त्यात?"

"माझ्या भांडणात दम नाही? बाजार हलवत होतो मी!"

"बाजार हलवत होता, घरातला पंखा नाही साफ केला कधी!"

मुकादमाने एक लांब सुस्कारा सोडला, हनुवटी पंजांवर टेकवली आणि डोळे मिटले. काका तारस्वरात पंख्याचा इतिहास सांगत होते. बायको त्यांच्यावर ओरडत होती आणि पदराआड बोटांनी श्वास मोजत होती. आतल्या खोलीत लेकीने थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि परतीच्या प्रवासासाठी निवांतपणे बॅग भरायला घेतली.