एक प्लॅटफॉर्म, एक गाडी

भाऊजी मंगळवारी गेले. पंधराव्या दिवशी वीज गेली आणि त्यांचा कॉम्प्युटर बंद झाला.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, निवृत्त स्टेशनमास्तर. घरी बसून ते ऑनलाइन खेळांचे दोन सर्व्हर चालवायचे. प्रत्येकाला वेगळा पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा आकडा, का लागतो, हे त्यांनी मला एका वाक्यात शिकवलं: "एका प्लॅटफॉर्मवर दोन गाड्या घेत नसतात, सालेसाहेब!" सर्व्हर सुरू करताना ते उभे राहायचे, गळ्याचं बटण लावायचे. पोर्टचा आकडा मात्र दर वेळी हातानं टाकायचे. "काहून लिहून ठेवू? मास्तर जिवंत आहे ना अजून!"

वीज आली तेव्हा साडेपाच झाले होते. सहाला कांचघर मोहल्ल्यातल्या मुलांचा सामना. दोन्ही सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मूळचा एकच आकडा राहिलेला, मुलांना माहीत असलेला. 'किल्ला' नावाचा सर्व्हर आपोआप सुरू होऊन त्यावर ठाण मांडून बसला होता. मुलांचा सुरू केला, की पडद्यावर तेच: पोर्ट वापरात आहे. चार वेळा. फोन वाजत होता. "अंकल, चालू हुआ क्या?"

'किल्ला' खेळताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. म्हटलं, मारून टाकू.

"थांब!" ताई दारात उभी होती. जन्मभर 'तुमचे ते लेकरांचे खेळ' म्हणून भाऊजींना टोमणे मारणारी ताई. "असा तोडू नको. विजेच्या झटक्यातून वाचला एकदा. आधी सेव्ह कर, मग बंद कर."

"तुला काय माहीत त्यातलं?"

"तो माझा आहे."

गुडघ्यांमुळे ताईला गावातल्या मदन महाल किल्ल्याची टेकडी चढवेना. म्हणून भाऊजींनी ती खेळात उभी केली, एकेक पायरी. रोज चार वाजता दोघं शेजारी बसून चढायचे. "वरच्या खोलीचं छत अर्धं झालंय," ती म्हणाली. "ते गेलं तर?"

मी सेव्हची आज्ञा दिली. पडदा हलेना. पुन्हा फोन आला. या वेळी तो ताईनं घेतला. "रुको रे, गाडी सिग्नल पे है!"

सेव्ह झालं. मी किल्ल्याला दुसरा आकडा दिला, सेटिंगमध्ये लिहिला आणि दोन्ही सर्व्हर सुरू केले. ताईनं आत जाऊन छत पाहिलं. होतं. सामना वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.

आता दोन्ही चालू असतात. मुलांच्या सर्व्हरवर संध्याकाळी गर्दी असते. किल्ल्यावर चार वाजता एकटी ताई असते.