विलासभाऊ आणि खाली पडणाऱ्या वस्तू

अकोल्याच्या त्या स्टुडिओत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा विलासभाऊ खुर्चीवर उभे राहून झेंडूच्या पाकळ्या एकेक करून खाली सोडत होते. चेहरा अगदी गंभीर. मला वाटलं, माझंच स्वागत आहे, म्हणून मी जरा हसलेही. ते म्हणाले, "ताई, दारात नका उभ्या राहू. हवा येते."

आम्ही लग्नाचे व्हिडिओ करतो. काही निमंत्रणाचे, काही कार्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवायचे. मी मजकूर लिहिते. त्यातल्या उडणाऱ्या आणि पडणाऱ्या वस्तू विलासभाऊंकडे: पाकळ्या, ठिणग्या, अक्षता, धूर. पाकळी किती जड, वारा किती, हे कॉम्प्युटरला सांगायचं आणि मग काळाच्या पट्टीवर खुणा मारायच्या. इथं पडायला सुरुवात, इथं जोर, इथं बंद. या खुणांना कीफ्रेम म्हणतात. बाकीचे लोक तयार नमुना उचलतात, नवरा-नवरीचं नाव बदलतात आणि चहाला जातात. विलासभाऊ खुर्चीवर चढतात.

"सुरू कोनीबी करते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "थांबवता आलं पायजे." नळ बंद केल्यासारख्या पाकळ्या एकदम थांबल्या की त्यांचा जीव कासावीस होतो. "शेवटची पाकळी उशिरा आली पायजे. एखादा पाव्हना नाई का, पंगत उठल्यावर येते?"

या अभ्यासापायी आमच्या कीबोर्डात हळद गेली आहे, आणि एकदा पंख्याखाली रांगोळी सोडल्यामुळे स्टुडिओच्या मालकांसकट सगळे दिवसभर गुलाबी फिरलो. अंजनगावचे एक वधूपिते नवरदेवावर पहिल्यापासून शेवटपर्यंत ठिणग्या पाडा म्हणून हटून बसले. विलासभाऊंनी शांतपणे विचारलं, "जावई वेल्डिंग करतेत काय?"

कोणाच्या लग्नाला गेले, तर अक्षता पडताना सगळे जोडप्याकडे बघतात आणि हे वर बघतात. एका मुलीच्या मामांनी काळजीनं विचारलं, "काही हरवलं का?" हे म्हणाले, "नाई. पडून राह्यल्या, त्या पाहून राह्यलो." त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. का, ते कोणी विचारत नाही.

मागच्या हंगामात पातूरहून एक बाई आल्या. सोबत त्यांचा मुलगा, तोच नवरदेव. बाईंच्या हातात नवऱ्याचा फोटो होता. ते वारले होते. लग्नाच्या दिवशी ते एकदा तरी मोठ्या पडद्यावर दिसावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं. मुलाला ते पटत नव्हतं.

"आई, लोक जेवाले येतीन का रडाले?"

"मी रडीन," बाई म्हणाल्या. "लोकाईनं जेवावं."

मालकांनी तयार नमुना दाखवला. धडाड आवाज, ठिणग्यांचं कारंजं आणि त्यातून फोटो. बाईंनी मान हलवली. "हे असे नव्हते. घरात आले तरी समजत नव्हतं, इतका गरीब मानूस."

विलासभाऊंनी विचारलं, "काय करत होते?"

"जिनिंगमंदी होते. सरकी काढाच्या मशिनीवर."

विलासभाऊंनी पुढं काही विचारलं नाही. त्या कामासाठी ते खुर्चीवर चढलेच नाहीत. कापूस आणला नाही, पिंजला नाही, उडवून पाहिला नाही. नुसते पडद्यासमोर बसून राहिले. मालक चिडचिड करायचे, दुसरी कामं खोळंबायची, आणि यांचं एकाच तंतूची खूण जराशी मागं, जराशी पुढं चाललेलं.

झालं तेव्हा मला बोलावलं. अंधारात फोटो होता आणि त्यावर कापसाचे बारीक तंतू उतरत होते, खाली यावं की नाही ते न ठरल्यासारखे. काही केसांत अडकले, एक भुवईवर, एक खांद्यावर. मग एकेक दिसेनासा झाला. खांद्यावरचा तेवढा राहिला.

"भाऊ, तो एक बंद करायचा राहिला," मी म्हणाले.

"नाई राह्यला."

लग्नाला आम्ही दोघं पातूरला गेलो. हार घालून झाले आणि व्हिडिओ लागला. अर्धे लोक बट्टी-वरणाच्या वासाकडे वळले होते. बाई पडद्याच्या अगदी जवळ उभ्या होत्या. तो तंतू खांद्यावर बसला, आणि त्यांचा हात वर गेला. दोन बोटांची चिमूट झाली, काहीतरी अलगद उचलावं तशी. मग भानावर येऊन त्यांनी हात पदरात घेतला.

मुलानं ते पाहिलं. गळ्यात हार तसाच, तो आमच्या टेबलाशी आला. "भाऊ, अजून एकडाव लावता?"

विलासभाऊंनी लावला. या वेळी मुलगा आईशेजारी जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "तो खांद्यावरच राहतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

"माहा बापबी जिनिंगमंदीच होता. घरी आला की आई दारातच त्याचा खांदा झटके. तरी एखादा राहेच. मंग थे चिमटीनं काढे."

"मग त्यांचाही असा करा ना एक."

"त्याचा फोटोच नाई, ताई. एकबी नाई."

बस गावाबाहेर पडली. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "फोटो त्या बाईच्या नवऱ्याचा होता. कापूस माह्या बापाचा."

कंडक्टर आला. दोघांची तिकिटं मीच काढली. एरवी ते काढू देत नाहीत.