बसून खाण्यावरचा कर

लोकशाहीत जनतेचा कौल अधूनमधून घ्यावा लागतो, आणि तो सोयीचा येण्याची लक्षणं दिसली की ताबडतोब घ्यावा लागतो. म्हणून जपानच्या पंतप्रधानांनी ऐन हिमवर्षावात संसद विसर्जित केली. सभापतींनी तसं वाचून दाखवताच खासदारांनी प्रथेप्रमाणे हात उंचावून ‘बान्झाय!’ असा जयघोष केला. (नोकरी गेल्याबद्दल जयघोष करणारा हा बहुधा एकमेव कामगारवर्ग.)

प्रचारात मतभेदाला जागा राहू नये, याची सर्व पक्षांनी काळजी घेतली. अन्नावरचा कर शून्यावर आणू, असं सगळ्यांनीच सांगितलं. पैसा कुठून येणार, हे निवडणुकीनंतर समिती ठरवणार होती. निम्म्या अर्थतज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. उरलेले निम्मे समितीवर जाणार होते.

निइगातातल्या एका गावात किनुयोबाईंचं सोबा-नूडल्सचं दुकान होतं. उमेदवार इवाबुची तिथे आले, प्रचाराचे पांढरे हातमोजे काढून बसले आणि वाडगाभर नूडल्स सुर्रसुर्र ओढून म्हणाले, “काकू, मी निवडून आलो की तुमच्या नूडल्सवर एक येन कर राहणार नाही!” बाई हरखल्या. मत त्यांनाच दिलं.

वचन तंतोतंत पाळलं गेलं. बांधून नेलेल्या नूडल्स म्हणजे अन्न, कर शून्य. दुकानात बसून खाल्लेल्या नूडल्स म्हणजे सेवा, कर दहा टक्के. (समितीच्या मते फरक नूडल्समध्ये नसून बसण्यात आहे.)

दुसरीकडे लोकांनी ‘घरी नेतो’ म्हणून तिथेच फतकल मारली असती. हे गाव पडलं प्रामाणिक. गिऱ्हाईक डबा बांधून घ्यायचं, कमरेत वाकून आभार मानायचं आणि बाहेर बर्फात उभं राहून खायचं. बाईंनी दारात बाकडं टाकलं. लगेच कर-कार्यालयातला एक अतिशय नम्र गृहस्थ आला आणि सांगून गेला की बाकडं दुकानाचं असेल, तर ते कुठेही नेलं तरी बसणं दुकानातलंच. मग लोक घरून घडीची स्टुलं आणू लागले. स्टुलांचा खप वाढला, तो राष्ट्रीय उत्पन्नात दिसला आणि धोरणाला फळं आल्याचं अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं.

निवृत्त पोस्टमास्तर तोकिझाने बायको गेल्यापासून रोज दुपारी दुकानात यायचे. नूडल्स हे निमित्त. दिवसभरात तेवढंच काय ते कुणाशी बोलणं व्हायचं. आता तेही दिव्याच्या खांबाला टेकून एकटेच खाऊ लागले.

“तोकिझाने-सान, गुडघे बघा तुमचे. आत या. वरचा कर मी भरते!”

“छे छे, किनुयो-सान! लोकांच्या पैशावर बसायला मी काय खासदार आहे?”

आठवड्याभरात त्यांना न्यूमोनिया झाला. रुग्णालयात त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर पलंगावर बसून पेज खाणं सेवेत धरतात का. नर्सने चौकशी करून सांगते म्हटलं. उत्तर यायच्या आत ते गेले.

त्या दुपारी किनुयोबाई डोळे पुसत दारात आल्या. “कुणी निवडून दिलं हो या लोकांना?”

स्टुलांवरच्या सगळ्यांनी डब्यात मान घातली.

“आम्ही नाही बुवा.”

“माझं मत तर दुसऱ्यालाच होतं.”

“मी तरी कुठे दिलं!” किनुयोबाईही म्हणाल्या.

तिकडे मतदाराच्या बोटाला शाई लावत नाहीत, त्यामुळे खरंखोटं कळायला मार्ग नाही. आपल्याकडे लावतात. ती वाळायच्या आत आपण तेच बोट दुसऱ्याकडे रोखतो, एवढाच काय तो फरक.